उधव्याला राहिलेला डबा

डहाणू, जून २०१९
(तारीख मुद्दाम घातलेली नाही. तारखांशी माझं हल्ली जमत नाही.)

तीर्थस्वरूप दौलतमामांच्या पायांवर जतीनचे साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण तुमचा गुडघा. तो आता वाकतो का, आणि वाकल्यावर पुन्हा सरळ होतो का, ते सविस्तर कळवावं. मामींना नमस्कार; त्यांची साखर उतरली असेल अशी आशा आहे (आमच्याकडे साखरेची वेगळीच गोष्ट झाली आहे, ती पुढे येईलच). आई बरी आहे, म्हणजे कंबरदुखी, दातदुखी आणि माझ्यावरचा राग तिन्ही जागच्या जागी आहेत. वाडीतली चिकूची झाडं बरी आहेत. मी बरा नाही.

नाशकात शांतपणे पेन्शन खात बसलेल्या माणसाला हे एवढं लांबलचक पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तर लग्न तुम्ही जमवलंत म्हणून. तुम्ही नयनाचे सख्खे मामा आणि आमच्या वडिलांचे मित्र. आमच्या ओटीवर बसून, चिकू सोलत सोलत, तुम्ही आईला म्हणाला होतात की अंबूबाई, मुलगी शिस्तीची आहे, मुलगा मोकळा आहे, छान जमेल. मामा, शिस्तीबद्दलचा तुमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, मोकळेपणाबद्दलचाही ठरला, फक्त 'छान जमेल' एवढंच चुकलं. जमवलेलं मोडलं की मध्यस्थाने निदान हकीकत तरी ऐकून घ्यावी, असा रिवाज आपल्यात नसला तरी असायला हवा होता. शिवाय हीच हकीकत वकिलाला सांगायला गेलो तर तो फी घेतो.

नयना घर सोडून गेली हे तुम्हाला माहीत आहे, पण का गेली हे तुम्हाला तिच्या बाजूने कळलं असेल, आणि गंमत अशी की तिची बाजू खरीच आहे. मी दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, तिच्यावर कधी हात उचलला नाही, हे तिने कोर्टातसुद्धा मान खाली न घालता सांगितलं. तिचं म्हणणं एवढंच, की या माणसाकडे घरखर्च मागावा लागतो, मागितला की उद्या देतो म्हणतो, आणि तो उद्या काही येत नाही. आता चिकूच्या धंद्यात पैसा कधी येईल हे चिकूलाही माहीत नसतं. माल टेंपोने वापीला जातो, दलाल तो आपल्या सवडीने विकतो, त्याहून सवडीने विक्रीच्या हिशेबाची पट्टी पाठवतो, आणि त्या पट्टीत हमाली, तोलाई, दलाली असं वजा जाता जाता शेवटी आपणच त्याला देणं लागतो की काय अशी शंका येते. हे सगळं मी तिला समजावून सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, दूधवाल्याला हे तुम्हीच सांगा.

एक दिवस आमच्या छोट्या ऋचाला घेऊन ती उधव्याला गेली. तिथल्या आश्रमशाळेत मानधनावर शिकवते, दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. जाताना तिने स्वतःची भांडी नेली, प्रत्येक डब्याचं झाकण त्या त्या डब्यावर बसवून. एवढंच नाही, आमच्या हळदीच्या डब्यावर चुकून तिचं झाकण बसलेलं होतं, ते तिने काढून घेतलं आणि आमचं झाकण फडताळामागून शोधून, पुसून, त्यावर बसवून मगच निघाली. (गाडी बाहेर हॉर्न वाजवत होती.) मी दारात उभा होतो. काहीतरी बोलावं असं फार वाटत होतं, पण ती झाकणं मोजत होती.

मग २०१६ साली कोर्टाचा हुकूम झाला. दरमहा सहा हजार रुपये पोटगी, पाच तारखेच्या आत. रकमेबद्दल माझी तक्रार तेव्हाही नव्हती, आजही नाही. पोर माझी आहे. पण 'पाच तारखेच्या आत' ऐकून मला घाम फुटला. घरखर्च मागावा लागतो म्हणून ती गेली, आणि आता तिच्या वतीने मागायला सरकार उभं राहिलं. वकीलसाहेबांनी मला खुर्चीवर बसवून समजावलं, की चुकलात तर वसुलीचा अर्ज, मग वॉरंट, मग एकेका महिन्याच्या थकबाकीसाठी महिन्यापर्यंत आत. आत जायची भीती वाटत नाही असं नाही, चांगलीच वाटते. पण त्याहून जास्त भीती अशी, की ऋचाला शाळेत कुणीतरी विचारेल, तुझे पप्पा कुठे असतात, आणि ती पोर खरं बोलणारी आहे. तेव्हापासून माझ्या आयुष्यात एकच काम उरलं. पैसे वेळेवर पोचवायचे. मामा, त्याची गेल्या तीन वर्षांतली कथा ऐका.

पहिला घोळ आईने घातला. आईचे नियम तुम्हाला ठाऊक आहेत. शुक्रवारी लक्ष्मी घराबाहेर जाऊ द्यायची नाही, दिवेलागणीनंतर कुणाच्या हातावर पैसे ठेवायचे नाहीत, आणि अवसेला तर पैशाच्या डब्याकडे बघायचंसुद्धा नाही. त्या ऑगस्टची पाच तारीख शुक्रवारी आली, आणि शुक्रवारही साधासुधा नाही, श्रावणातला पहिला, जिवतीचा. बरं, चार तारखेला दिवसभर मी दलालाच्या माणसाची वाट बघण्यात घालवला, तो पैसे घेऊन आला तेव्हा सूर्य मावळायला टेकलेला. कोर्टाचा हुकूम एकीकडे आणि आई एकीकडे. शेवटी आईनेच तोड काढली (तिचा मेंदू अशा वेळी वकीलसाहेबांपेक्षा जोरात चालतो). दिवे लागायच्या आत पैसे कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या टेंपोत नेऊन ठेवायचे. म्हणजे लक्ष्मी गुरुवारीच घराबाहेर पडली, शुक्रवारी ती नुसती पुढच्या प्रवासाला लागली, त्यात दोष नाही. मी पैसे सीटच्या कव्हरखाली सरकवले आणि समाधानाने जेवलो. सकाळी आई जिवतीच्या कागदाला हळदकुंकू लावून ऋचाच्या नावाने अक्षता टाकत होती, तेव्हा मी पैसे घ्यायला बाहेर गेलो तर टेंपो जागेवर नव्हता. आमचा ड्रायव्हर सुकऱ्या (उधव्याजवळच्याच पाड्यावरचा, गरीब माणूस) पहाटेच माल भरून वापीला गेला होता, त्याच्या रोजच्या वेळेप्रमाणे, कारण त्या टेंपोत लक्ष्मी बसली आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ऋचाचे सहा हजार रुपये तो सबंध दिवस वापीच्या बाजारात चिकूंबरोबर बसून राहिले. पावसातला माल, त्यात दलालाने कुरकुर लावली, 'जतीनभाईने कहेजो, माल पोचो नीकळ्यो,' म्हणजे चिकू मऊ निघाले, आणि भाव ठरेपर्यंत सुकऱ्याला अडकवून ठेवलं. तो परत आला शनिवारी. म्हणजे सहा तारखेला. मी त्याच्यावर ओरडलो तर तो म्हणाला, 'शेट, तुमी बोलला नाय. मी रातभर त्या पैशावरच निजलो.' यात त्याची काय चूक? पैसे पोचले तेव्हा सात तारीख लागलेली होती, आणि वकीलसाहेबांनी विचारलं की उशिराचं कारण काय लिहू, तेव्हा मला ते सांगता येईना. शुक्रवार हे कारण कोर्टात चालत नाही म्हणे.

पुढच्या महिन्यात मी ठरवलं की पैसे थेट कोर्टातच भरायचे, म्हणजे मध्ये ना आई ना टेंपो. पाच सप्टेंबरला सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून मी कोर्टाच्या दारात हजर. दाराला कुलूप. मी चिडून शेजारच्या टपरीवाल्याला म्हणालो, हे काय, सोमवारी बंद? त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाला, शेठ, आज गणेश चतुर्थी. मामा, मला माहीत होतं! पिशवीत दुर्वाच होत्या! घरी गणपती बसायचा होता, आईने मला दुर्वा आणायला पाठवलं होतं आणि मीच विचार केला होता की जाता जाता कोर्टाचंही काम उरकू. अख्ख्या महाराष्ट्रात त्या दिवशी कोर्टाची पायरी चढणारा मी एकटाच असेन. घरी आलो तर पूजा माझ्यावाचून खोळंबलेली, आणि आईने सगळ्यांसमोर विचारलं की दुर्वा उगवायला गेला होतास का.

मग चेकने दिले. माझा चेक दलालाच्या चेकवर अवलंबून, दलालाचा चेक कोणावर अवलंबून हे दलालालाही माहीत नाही, तेव्हा दोन्ही परत आले. मग पेटून उठून मी आयुष्यात पहिल्यांदा, मामा, पहिल्यांदा, डिसेंबरची पोटगी नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात काढून देव्हाऱ्यात ठेवली. बारा कोऱ्या नोटा, पाचशेच्या. रोज दिवा लावताना त्यांच्याकडे बघून मला वाटायचं की मी सुधारलो. आठ नोव्हेंबरला रात्री टीव्हीवर काय सांगितलं ते तुम्हाला आठवत असेलच. आगाऊ वागण्याचा मला आलेला हा एकमेव अनुभव, आणि त्यानंतर मी त्या वाटेला पुन्हा गेलो नाही.

शेवटी ठरलं की मीच मोटरसायकलवर जायचं आणि नयनाच्या हातात पैसे देऊन पावती घ्यायची. आईने तेव्हा तिचा डबा काढला. तो तुम्ही पाहिलेला आहे, स्टीलचा, कडीचा, ज्याच्यावर 'सौ. अंबूबाई' असं नाव घातलेलं आहे, तिच्या लग्नातला. आईचं म्हणणं, नुसते पैसे हातावर ठेवले की ते उपकार दिसतात, गोडाबरोबर दिले की आपलेपणा दिसतो. तिने तळाशी वाळवलेल्या चिकूच्या फोडी घातल्या, त्यावर नोटांची पुडी ठेवली आणि झाकण लावलं. मी चारोटीवरून हायवेने, तलासरीवरून उधव्याला गेलो. नयनाने उंबऱ्यातच डबा घेतला, पुडी सोडून नोटा मोजल्या, पावती लिहून दिली, आणि आता मी जावं अशा बेताने बघितलं. पण डबा तिच्या हातात होता. आणि मामा, आपल्याकडची बाई कितीही रागावलेली असली तरी आलेला डबा रिकामा परत करत नाही. ती आत गेली आणि डबा आणून माझ्या हातात दिला. आत मूठभर साखर होती. रिवाज पाळण्यापुरती, एक चमचा जास्त नाही.

ती साखर मी विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळासमोर गाडी लावून खाल्ली. सगळी. तिने तिच्या हाताने दिलेलं दुसरं काही मला वर्षभरात मिळालेलं नव्हतं. (परिणामी घरी डबा रिकामा पोचला आणि सुनेने रिकामा डबा पाठवला म्हणून आईला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मी खरं सांगू शकलो नाही. चाळिशीतल्या माणसाने डब्यातली साखर चोरून खाल्ली हे कोणत्या तोंडाने सांगणार?)

मग हे चालू राहिलं. डबा जायचा, डबा यायचा. साखरेनंतर एकदा वालाच्या शेंगा आल्या. एकदा नागलीची भाकरी आणि ठेचा. पुढे ऋचा मोठी झाली तशी तीही त्यात काहीबाही घालायला लागली, चिंचा, रंगवलेला कागद, आणि एकदा तर कापसात गुंडाळून स्वतःचा पडलेला दात, कारण उधव्याच्या घराला पत्रा आहे आणि दात कौलावर टाकायचा असतो असं तिला तिच्या आजीने सांगितलेलं होतं. मी शिडी लावून तो कौलावर टाकला. खाली उतरल्यावर आईने विचारलं की डोळ्यात काय गेलं. मी म्हटलं, कौलाची धूळ.

याच काळात मला एक शोध लागला. पाच तारखेच्या आत गेलो की नयना उंबऱ्यातच पैसे घ्यायची, पावती, डबा, संपलं. पण उशीर झाला की तिला राग यायचा, आणि राग आला की ती मला ओटीवर बसवून बोलायची. माझ्या वडिलांपासून माझ्या चपलांपर्यंत सगळं काढायची. तेवढा वेळ ऋचा माझ्या गाडीच्या टाकीवर बसून हॉर्न वाजवायची, आणि बोलून बोलून घसा कोरडा पडला की नयना स्वतःसाठी चहा टाकायची, त्यात अर्धा कप माझा निघायचा. वेळेवर गेलो तर उंबऱ्याबाहेर, उशिरा गेलो तर ओटीवर. वकीलसाहेब म्हणतात की तुम्ही मुद्दाम उशीर करता. मी यावर काही बोलत नाही. वकिलासमोर आपण होऊन काही बोलू नये असं त्यांनीच मला शिकवलं आहे.

त्यातून या फेब्रुवारीची गोष्ट. भूकंपाचे धक्के नोव्हेंबरपासून सुरूच होते, तुम्ही पेपरात वाचलं असेल. इकडे डहाणू-तलासरीत माणसं घर सोडून अंगणात झोपत होती. पाच तारखेला मी अगदी वेळेवर उधव्याला पोचलो. नयनाने डबा घेतला, आत नेऊन ओट्यावर ठेवला, पावतीसाठी पेन शोधायला लागली आणि जमीन हलली. पत्रे खडखडले, फळीवरची भांडी खाली आली. ती ऋचाला उचलून बाहेर धावली, आणि धावताना तिने दुसऱ्या हाताने माझी बाही धरली. का धरली, माहीत नाही. भूकंपात माणूस हाताला लागेल ते धरतो. पण मामा, समोरच्या मैदानात पोचल्यावरही तिने ती बराच वेळ सोडली नाही.

पुन्हा आत जायला कुणी तयार होईना. पाड्यावरची सगळी माणसं मैदानात. कुणी चूल मांडली, कुणी पेज केली, आम्ही तिघं एका ताडपत्रीवर बसून जेवलो. ऋचा माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजली. आजूबाजूला माणसं देवाचा धावा करत होती, लेकरं रडत होती, आणि मी मनातून सुखी होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण तुम्हाला नाही तर कुणाला लिहू. डबा पैशांसकट आतच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नयनाने आत जाऊन पैसे काढले आणि पावती लिहिली. ती खोटं लिहीत नाही, त्यामुळे पावतीवर तारीख पडली सहा. डबा मात्र गडबडीत तिथेच राहिला.

आधीचे उशीर साचलेले होतेच, मार्च उजाडताच त्यांची कोर्टात तारीख लागली. मला विचारलं, पुन्हा उशीर का? मी सांगितलं, भूकंप झाला. सगळे हसले, आणि माझ्या तीन वर्षांतल्या सगळ्या कारणांत हे एकच निखळ खरं आणि सरकारमान्य होतं. मला वाटलं आता नयना चिडेल, माझे जुने सगळे हिशेब काढेल. ती उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, 'साहेब, त्यांना दर महिन्याला एवढ्या लांब यायचा त्रास कशाला? बँकेतूनच आपोआप जाऊ द्या.' त्रास! तिने माझी कीव केली, मामा. तीन वर्षं मला तिच्या रागाची सवय होती, कीव कशी सोसायची हे मला कुणी शिकवलेलं नाही.

बँकेतल्या मॅडमनी एका कागदावर सही घेतली. दर पाच तारखेला माझ्या खात्यातून पैसे निघतील आणि त्याच दिवशी तिच्या खात्यात पडतील. मॅडम हसून म्हणाल्या, 'झालं! आता तुम्हाला काहीच करायला नको.' इतकं भयंकर वाक्य मला आजवर कुणी ऐकवलेलं नव्हतं. खात्यात शिल्लक राहावी म्हणून दलालाशी भांडून मी आगाऊ पैसे घेऊन ठेवले, आणि तेव्हापासून पोटगी एकदाही चुकलेली नाही. एप्रिलची पाच तारीख तर शुक्रवारी आली आणि वर अवस, दुसऱ्या दिवशी पाडवा. तरी बँकेने बिनदिक्कत लक्ष्मी बाहेर काढली. (आईला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.) वकीलसाहेबांनी अभिनंदन केलं. नयनाचा फोन नाही, नोटीस नाही, शिवी नाही. मी इतका वेळेवर आहे की माझ्याशी कुणाला काही कामच उरलेलं नाही.

ऋचाला भेटायला तुम्ही कधीही जाऊ शकता, असं वकीलसाहेब म्हणतात. जाऊ शकतो. पण दारात उभं राहिल्यावर नयनाने विचारलं की कशाला आलात, तर काय सांगू? पैसे द्यायला आलो, हे उत्तर मला तीन वर्षं पाठ होतं. तुमच्यावाचून करमत नाही, हे उत्तर मी आरशासमोर म्हणून बघितलं. आरशालासुद्धा खरं वाटलं नाही.

तर असं आहे. नयनाशी बोलणं झालं तर जतीन आता वेळेवर पैसे देतो एवढं तिला सांगा. तिला ते माहीत आहे, तरी सांगा. मामींना पुन्हा नमस्कार, गुडघ्याला जपा.

आपला आज्ञाधारक (आणि आता कोर्टाचाही),
जतीन

ता. क. खरं काम राहूनच गेलं. आईचा डबा उधव्याला राहिला आहे आणि आई रोज सकाळी त्याची चौकशी करते. तिला वाटतं मी तो हायवेवर कुठेतरी पाडला. तुम्ही नयनाला एक फोन करून डबा सुकऱ्याबरोबर पाठवायला सांगावं. तुमचा शब्द ती मोडणार नाही.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. रद्द समजावा. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा उघडलं आहे. फोन करू नका. डबा तिथे आहे तोवर आमच्या घरातलं काहीतरी तिच्या घरात आहे, आणि तो आणायला जायचं कारणही माझ्याकडे शिल्लक आहे. ते मी वापरत नाही, कारण वापरलं की संपेल. राहू दे तो तिथेच.

ता. क. तिसरा. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. डबा आला. आईने माझ्या नकळत सुकऱ्याला सांगून ठेवलं होतं, तो आज सकाळी घेऊन आला. वर ऋचाच्या जुन्या फ्रॉकचं फडकं बांधलेलं. मी सोडलं. आत मूठभर साखर. म्हणजे पहिल्या दिवशी जिथे होतो तिथेच परत, रिवाज पाळण्यापुरते. मी पायरीवर बसून राहिलो आणि या वेळी साखर खावीशीही वाटली नाही. तेवढ्यात आईने डबा उचलून फिरवून फिरवून बघितला आणि सुकऱ्याला विचारलं, 'झाकण कुठाय रे?' सुकऱ्या म्हणाला, 'बाय बोलली, झाकण सापडला नाय.'

मामा, आई डबा घेऊन उठली. आत गेली, डबा घासला, पुसला, चिकूच्या फोडींनी काठोकाठ भरला, वर ऋचासाठी शंभराची नोट ठेवली, आणि तेच फडकं पुन्हा बांधून डबा माझ्या हातात दिला. आज शुक्रवार आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, 'ठाव हाय मला.'

तर खरी विनंती एवढीच. तुम्ही नयनाला लहानपणापासून बघता आहात. तिला एखाद्या डब्याचं झाकण सापडलं नाही, असं तिच्या आयुष्यात कधी झालं आहे का, ते आठवून कळवा. घाई नाही, सावकाश कळवा. मी निघालो आहे, आणि निघायला नेहमीप्रमाणे उशीर झालेला आहे.